मुदत भरलेली प्रणाली : जुन्या लिनक्सचा आधार का काढला जातो?

मुदत ठेवीच्या पावतीवर दोन तारखा ठळकपणे छापलेल्या असतात. एक ठेव ठेवल्याची आणि दुसरी मुदत भरण्याची. ठेवीदार पहिली तारीख विसरला तरी दुसरी सहसा विसरत नाही. विसरलाच, तर बँक त्याला आठवण करून देते. संगणकाच्या बाबतीत मात्र नेमके उलट घडते. यंत्र कधी घेतले, त्यावर प्रणाली कोणी बसविली, हे सर्वांना आठवत असते. पण त्या प्रणालीची मुदत कधी भरते, हे क्वचितच कोणी पाहून ठेवतो. ही दुसरी तारीख पावतीवर छापलेली नसते इतकेच. ती ठरलेली मात्र असते.

फेब्रुवारी २०२४ च्या सुरुवातीला जगभरातील अनेक संगणकतज्ज्ञांना या दुसऱ्या तारखेची आठवण अनपेक्षितपणे झाली. आज्ञावली लिहिण्यासाठी वापरले जाणारे ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ हे मायक्रोसॉफ्टचे लोकप्रिय साधन त्या सुमारास नव्या आवृत्तीत आले. ते अनेकांच्या यंत्रावर नेहमीप्रमाणे आपोआप अद्ययावत झाले. आदल्या दिवसापर्यंत या साधनातून दूरच्या सर्व्हरवर सुरळीत काम करणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी मात्र तो सर्व्हर जोडताच येईना. सर्व्हरमध्ये कोणी काहीही बदल केला नव्हता, तो बिघडलाही नव्हता. त्यावरील लिनक्स प्रणाली जुनी झाली होती, एवढाच त्याचा दोष होता.

काल चालणारी गोष्ट आज का चालू नये, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांपुरता नाही. त्याचे उत्तर समजून घेतले, तर बँकेच्या सर्व्हर कक्षापासून ग्राहकाच्या खिशातील भ्रमणध्वनीपर्यंत अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

गाभा आणि संच

लिनक्सचा जन्म १९९१ मधला. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या संगणकासाठी ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. यंत्राची स्मृती, चकती, कळफलक आणि जाळे यांचा कारभार पाहणारा भाग म्हणजे हा गाभा. परंतु केवळ गाभ्यावर काम चालत नाही. त्याच्या भोवती शेकडो पूरक कार्यक्रम लागतात. ते सारे एकत्र बांधून, एकमेकांशी जुळवून, तपासून देणाऱ्या संचाला ‘वितरण’ म्हणतात. रेड हॅट, डेबियन, उबुंटू, सेंटओएस ही अशी काही प्रसिद्ध वितरणे. आपल्या देशात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, या संस्थेने डेबियनवर आधारलेले ‘बॉस’ हे वितरण भारतीय भाषांच्या सोयीसह तयार केले आहे.

प्रत्येक वितरणाच्या प्रत्येक आवृत्तीला ठरावीक आयुष्य असते. या काळात तिच्यातील सुरक्षेच्या त्रुटी दूर करण्याची जबाबदारी ते वितरण घडविणारी संस्था घेते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना सर्वसाधारणपणे पाच वर्षे, तर रेड हॅटच्या उद्योगांसाठी असलेल्या प्रमुख आवृत्त्यांना दहा वर्षे असा हा काळ असतो. तो संपला म्हणजे यंत्र बंद पडते असे नाही. ते पूर्वीसारखेच सुरू होते, पूर्वीसारखेच काम करते. फक्त त्याच्या पाठीशी उभे असलेले हात त्या दिवसापासून काढून घेतलेले असतात.

मजल्यावर मजला

सॉफ्टवेअरची रचना बहुमजली इमारतीसारखी असते. वापरणारा सर्वांत वरच्या मजल्यावर वावरतो आणि खालचे मजले त्याला दिसत नाहीत. लिनक्समध्ये गाभ्याच्या लगेच वर एक अत्यंत महत्त्वाचा मजला असतो. त्याचे नाव ‘जी-लिब-सी’. फाइल उघडणे, स्मृतीतील जागा मागणे, एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता शोधणे, अशी नित्याची कामे प्रत्येक कार्यक्रमाने स्वतः करण्याऐवजी या सामायिक ग्रंथालयाकडून करून घ्यायची, अशी ही व्यवस्था आहे. बहुतेक प्रचलित वितरणांतील बहुतेक कार्यक्रम त्यावर उभे असतात.

या ग्रंथालयाचा एक गुण वाखाणण्यासारखा आहे. त्याच्या जुन्या आवृत्तीसाठी तयार केलेला कार्यक्रम नव्या आवृत्तीवर सहसा विनातक्रार चालतो. उलट दिशेने मात्र हे घडत नाही. नव्या आवृत्तीसाठी बांधलेला कार्यक्रम सुरू होताना आपल्याला लागणाऱ्या सेवांची यादी त्यांच्या आवृत्ती क्रमांकांसह पुढे ठेवतो. त्यातील एक जरी सेवा खालच्या मजल्यावर नसेल, तर कार्यक्रम पहिल्या पायरीवरच थांबतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये हेच घडले. सेंटओएसची सातवी आवृत्ती जुलै २०१४ मध्ये आली, तेव्हा तिच्यात जी-लिब-सीची २.१७ ही डिसेंबर २०१२ मधील आवृत्ती होती. अशी वितरणे स्थैर्यासाठी ओळखली जातात. आयुष्यभर तीच आवृत्ती ठेवून तिच्यातील त्रुटी तेवढ्या दुरुस्त करायच्या, असा त्यांचा नेम असतो. त्यामुळे २०२४ मध्येही तेथे २.१७ च होती. व्हिज्युअल स्टुडिओ कोड दूरच्या सर्व्हरवर आपला एक छोटा साहाय्यक भाग बसविते. हा भाग ‘नोड’ नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालतो आणि नोडच्या नव्या आवृत्तीला ऑगस्ट २०१८ मधील २.२८ ही जी-लिब-सी आवृत्ती हवी होती. नोडची गरज बदलली म्हणून त्यावर उभ्या असलेल्या साधनाची गरज बदलली, आणि साधनाची गरज बदलली म्हणून एखाद्या प्रयोगशाळेतील दहा वर्षे जुना सर्व्हर अपात्र ठरला. यात कोणी एकाने मुद्दाम दार लावून घेतले नव्हते. खालचा एक मजला बदलताच वरचे सारे हलले होते.

तक्रारी इतक्या आल्या की, काही दिवसांतच दुरुस्त आवृत्ती काढून जुन्या सर्व्हरना इशाऱ्यासह सुमारे एक वर्षाची सवलत देण्यात आली. ती संपल्यावर २०२५ मध्ये २.२८ ची अट कायम झाली.

आधार का काढला जातो?

जुन्या प्रणालींना सांभाळून घेण्यात सॉफ्टवेअर निर्मात्यांचे काय जाते, असा प्रश्न सहज पडतो. बँक व्यवहारातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. धनादेशांच्या समाशोधनासाठी सीटीएस-२०१० हे मानक आले, तेव्हा जुने धनादेश एका दिवसात बाद झाले नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र समाशोधन ठेवण्यात आले. आधी आठवड्यातून काही ठरावीक दिवस, मग आठवड्यातून एकदा, सप्टेंबर २०१८ पासून महिन्यातून एकदा, आणि अखेर ३१ डिसेंबर २०१८ नंतर ते बंद करण्यात आले. मूठभर जुन्या धनादेशांसाठी वेगळी फेरी, वेगळी माणसे आणि वेगळा हिशेब किती काळ ठेवायचा, याला मर्यादा असते.

सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. आधार द्यायचा म्हणजे प्रत्येक नवी आवृत्ती प्रत्येक जुन्या प्रणालीवर चालवून पाहायची, तेथील अडचणी वेगळ्या सोडवायच्या आणि जुन्या प्रणालीत नसलेल्या सुविधा नव्या प्रणालीवरही वापरायच्या नाहीत. थोड्या वापरकर्त्यांसाठी सर्वांनाच मागे थांबावे लागते. म्हणूनच गूगलने मार्च २०१६ मध्ये ३२-बिट लिनक्ससाठी, तसेच उबुंटू १२.०४ आणि डेबियन ७ या प्रणालींसाठी क्रोम न्याहाळकाच्या नव्या आवृत्त्या देणे थांबविले. फायरफॉक्सच्या निर्मात्यांनीही २०२५ मध्ये ३२-बिट लिनक्सबाबत तोच निर्णय घेतला.

खुद्द लिनक्सचा गाभाही याला अपवाद नाही. टोरवाल्ड्स यांनी ज्या इंटेल ३८६ प्रक्रियकाच्या संगणकावर लिनक्स लिहिण्यास आरंभ केला, त्याच प्रक्रियकाचा आधार फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीतून काढण्यात आला. जुन्या प्रक्रियकासाठी ठेवलेल्या खास तजविजींमुळे गाभ्याच्या संहितेत गुंतागुंत वाढत होती. ज्या अंगणात खेळ सुरू झाला, ते अंगणही पुढे सोडावे लागते, ते असे.

तारीख अलीकडे येते तेव्हा

मुदतीची तारीख आधी ठाऊक असेल, तर नियोजन करता येते. पण ती तारीखच बदलली तर? सेंटओएसच्या आठव्या आवृत्तीबाबत हे घडले. रेड हॅटच्या सशुल्क प्रणालीशी मिळतीजुळती आणि विनामूल्य असल्यामुळे सेंटओएस अनेक विद्यापीठांत आणि कंपन्यांत वापरली जात असे. सप्टेंबर २०१९ मध्ये आठवी आवृत्ती आली, तेव्हा तिला २०२९ पर्यंत आधार मिळेल अशी सर्वांची समजूत होती. डिसेंबर २०२० मध्ये मात्र घोषणा झाली की, हा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपेल. म्हणजे उरलेली आठ-नऊ वर्षे एका वर्षावर आली.

ज्यांनी नुकतेच स्थलांतर पूर्ण केले होते, त्यांना ते पुन्हा करावे लागणार होते. नाराजी मोठी होती आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. या पोकळीतून २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स ही दोन नवी वितरणे उभी राहिली. मुक्त सॉफ्टवेअरचे बळ येथे दिसते; संहिता खुली असल्यामुळे एकाने सोडलेले काम दुसऱ्याला उचलता आले. पण धडा दोन्ही बाजूंनी आहे. विनामूल्य मिळालेल्या गोष्टीचा आधार कोणाच्या भरवशावर आहे, हे आधीच पाहून ठेवले पाहिजे. सातव्या आवृत्तीची तारीख बदलली नाही. ती ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ रोजी संपली. ज्यांनी आठवीच्या अनुभवानंतरही सातवीची तारीख नोंदवून ठेवली नाही, त्यांची धावपळ मात्र टळली नाही.

“चालते आहे ना!”

जुन्या प्रणालीच्या बाजूने एकच युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा? हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. चालत्या यंत्रणेत घाईने केलेला बदल कधी कधी रोगापेक्षा घातक ठरतो, हे प्रत्येक अनुभवी तंत्रज्ञ जाणतो. परंतु ‘चालणे’ आणि ‘सुरक्षित असणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत.

जानेवारी २०१५ मध्ये जी-लिब-सीमधील ‘घोस्ट’ नावाने ओळखली जाणारी त्रुटी जाहीर झाली. संकेतस्थळाचा पत्ता शोधण्याच्या कामात दडलेली ही चूक २००० सालच्या आवृत्तीपासून तेथे होती. तिचा गैरवापर करून परक्या यंत्रावर ताबा मिळविता येण्याचा धोका होता. मूळ संहितेत ती २०१३ मध्येच दुरुस्त झाली होती. पण तो सुरक्षेचा प्रश्न आहे हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही, आणि म्हणून दीर्घ मुदतीच्या अनेक वितरणांत ती दुरुस्ती पोहोचली नाही. त्रुटी जाहीर होताच मुदत शिल्लक असलेल्या प्रमुख वितरणांनी तातडीने दुरुस्ती पुरविली. मुदत संपलेल्या प्रणाली मात्र तशाच राहिल्या. त्या आदल्या दिवशीइतक्याच छान चालत होत्या. फरक इतकाच की, त्यांच्यातील दोष आता साऱ्या जगाला ठाऊक झाला होता.

दुसरे उदाहरण महाजालावरील सांकेतिक संभाषणाचे. ग्राहक बँकेच्या संकेतस्थळावर जातो, तेव्हा दोन यंत्रांमधील संभाषण टीएलएस या पद्धतीने गुप्त ठेवले जाते. या पद्धतीची पहिली आवृत्ती कमकुवत ठरल्यामुळे, कार्ड व्यवहारांच्या सुरक्षेची मानके ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ती सोडण्यासाठी ३० जून २०१८ ही तारीख दिली होती. सेंटओएसच्या पाचव्या आवृत्तीत मुळात असलेल्या ‘ओपन-एसएसएल’ला टीएलएसची १.२ ही आवृत्ती येतच नव्हती. अशा सर्व्हरवर चालणाऱ्या दुकानाला कार्डाचे पैसे स्वीकारण्यातच अडचण येणार, हे उघड होते.

तिसरे उदाहरण ३० सप्टेंबर २०२१ चे. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रे देते. ती ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राचा आधार घेत होती, त्याची मुदत त्या दिवशी संपली. नव्या प्रणालींना याचा फारसा त्रास झाला नाही. परंतु अद्ययावत न केलेल्या अनेक जुन्या लिनक्स यंत्रांनी अगदी खऱ्या संकेतस्थळांनाही अविश्वासार्ह ठरवून जोडणी नाकारली. यंत्र जागच्या जागी स्थिर होते. पण भोवतालचे जग पुढे गेले होते.

ज्यांना बदल परवडत नाही

तरीही जुन्या प्रणाली वापरणाऱ्या प्रत्येकाला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. एखाद्या प्रयोगशाळेतील लाखो रुपयांचे उपकरण विशिष्ट जुन्या प्रणालीवरच चालते आणि त्याचा निर्माता नवी आज्ञावली देत नाही. एखाद्या कारखान्यातील नियंत्रण यंत्रणा बदलायची तर उत्पादन काही दिवस थांबवावे लागते. एखाद्या शाळेकडे असलेले ३२-बिट संगणक अजून धडधाकट आहेत. नवे घेण्यास तरतूद नाही. अशांसाठी काही मार्ग आहेत, पण त्यांची किंमत आणि मर्यादा ओळखून ते निवडले पाहिजेत.

पहिला मार्ग मुदतवाढीचा. रेड हॅटने सातव्या आवृत्तीसाठी जून २०२४ नंतरही वेगळे शुल्क घेऊन दुरुस्त्या देण्याची सोय ठेवली. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांनाही वर्गणीद्वारे पाच वर्षांपलीकडे आधार मिळतो. दुसरा मार्ग वेगळ्या कप्प्याचा. जुन्या कार्यक्रमाला लागणारी सामायिक ग्रंथालये त्याच्यासोबत एका बंदिस्त ‘कंटेनर’मध्ये ठेवून तो नव्या यंत्रावर चालविता येतो. मात्र कप्प्यातील जुने दोष त्यामुळे नाहीसे होत नाहीत. तिसरा मार्ग विलगीकरणाचा. जुने यंत्र बदलता येत नसेल, तर त्याचा महाजालाशी संबंध तोडावा आणि त्यावरील माहितीच्या प्रती अन्यत्र राखाव्यात. हे तिन्ही मार्ग उसंत देतात, सुटका नाही. मुदत वाढविलेली ठेवही एक दिवस भरतेच.

बँक आणि ग्राहक

बँकांच्या दृष्टीने हा विषय आता केवळ तांत्रिक विवेकाचा राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी माहिती तंत्रज्ञानाच्या प्रशासनाविषयी दिलेले आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले व्यापक निर्देश याबाबत स्पष्ट आहेत. कालबाह्य आणि आधार संपलेली यंत्रसामग्री व सॉफ्टवेअर टाळावे, आधार संपण्याच्या तारखांवर सतत लक्ष ठेवावे आणि ती तारीख येण्यापूर्वीच बदलाची योजना आखावी, अशी अपेक्षा त्यात आहे. त्याआधी जून २०१८ मध्ये एटीएम यंत्रांवरील विंडोज एक्स-पी सारख्या आधार संपलेल्या प्रणाली टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत बदलण्यास बँकांना सांगण्यात आले होते. प्रणाली विंडोज असो वा लिनक्स, सूत्र तेच.

कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे आणि तिची मुदत कधी संपते, याची नोंदवही मुदत ठेवींच्या नोंदवहीइतकीच काटेकोर हवी. बदल प्रथम चाचणीच्या यंत्रावर, मग थोड्या यंत्रांवर आणि नंतर सर्वत्र करावा. परत फिरण्याची वाट आधी तयार ठेवावी. रात्री उशिरा किंवा सुटीच्या दिवशी ‘देखभालीसाठी सेवा काही काळ बंद राहील’ असा संदेश ग्राहकाला दिसतो, त्यामागे अनेकदा हेच काम चाललेले असते. काही तासांची ती गैरसोय पुढील मोठी हानी टाळणारी असते.

ग्राहकाचा या साऱ्याशी थेट संबंध येतो तो भ्रमणध्वनीमुळे. अँड्रॉइड ही प्रणाली लिनक्सच्याच गाभ्यावर उभी आहे आणि तिलाही हाच नियम लागू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ५ पेक्षा जुन्या आवृत्त्यांचा आधार काढला; डिसेंबर २०२३ मध्ये क्रोमच्या नव्या आवृत्तीने अँड्रॉइड ७ ला निरोप दिला. जुन्या फोनवर बँकेचे ॲप सुरू होत नाही, तेव्हा ग्राहकाला बँकेचा राग येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या प्रणालीतील दोष कोणीही दुरुस्त करणार नाही, तिच्यावर ग्राहकाच्या आयुष्यभराच्या बचतीचे दार उघडे ठेवणे कोणत्याही बँकेला शोभणार नाही.

अशा वेळी सर्वांत मोठा धोका असतो तो आडवाटेचा. अधिकृत भांडारातून ॲप मिळत नाही म्हणून परक्या संकेतस्थळावरून त्याची जुनी प्रत उतरवून घेणे, किंवा ‘तुमचे ॲप बंद होणार आहे’ असे सांगणाऱ्या अनोळखी दुव्यावर बोट ठेवणे, म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे होय. फोन बदलणे लगेच शक्य नसेल, तर शाखा, एटीएम किंवा अद्ययावत संगणकावरील इंटरनेट बँकिंग यांचा वापर करावा. नवा फोन घेताना छायाचित्रांच्या दर्जाबरोबरच सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळतील, हेही दुकानदाराला विचारावे. काही उत्पादक आता काही फोनसाठी सात वर्षांची हमी देतात. काहींची मुदत त्याहून बरीच कमी असते. स्वस्त वाटणारा फोन कमी वर्षे टिकणार असेल, तर दर वर्षाचा हिशेब करता तो महागही पडू शकतो.

ठेवीची मुदत भरते, तेव्हा ठेवीदाराचे काही बिघडत नाही; त्याने फक्त वेळेवर येऊन पुढचा निर्णय घ्यायचा असतो. सॉफ्टवेअरच्या मुदतीचेही तसेच आहे. तारीख आधी पाहून ठेवणाऱ्याला तो नित्याचा व्यवहार असतो, तर न पाहणाऱ्याला संकट. घरातील संगणक आणि फोन यांची ही दुसरी तारीख शोधून, घरातील विम्याच्या आणि ठेवींच्या तारखा जेथे लिहून ठेवल्या असतील, त्याच वहीत ती नोंदवावी. एवढे केले, तरी एखाद्या सकाळी अचानक दार बंद दिसण्याची वेळ बहुधा येणार नाही.